टॅब व स्पेस यांचे मिश्रण (पायथन)

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील आज्ञावलीत ओळींच्या डावीकडील मोकळी जागा, म्हणजेच इंडेंटेशन, काही ठिकाणी टॅब या चिन्हाने व काही ठिकाणी स्पेस या चिन्हाने दिली गेल्यास त्यास टॅब व स्पेस यांचे मिश्रण असे म्हणतात. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये ही मोकळी जागा केवळ वाचकाच्या सोयीसाठी असते. पायथनमध्ये मात्र कोणती आज्ञा कोणत्या गटात मोडते हे तिच्यावरूनच ठरते. एका टॅबची रुंदी किती मानावी हे निश्चित नसल्याने, मिश्रण असलेली आज्ञावली पडद्यावर एका अर्थाची दिसू शकते आणि संगणक तिचा दुसराच अर्थ लावू शकतो.

पायथन २ मध्ये अशी संदिग्ध आज्ञावली बहुधा कोणतीही सूचना न देता चालवली जात असे. ३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या पायथन ३.० पासून, टॅबच्या रुंदीवर अर्थ अवलंबून असलेले मिश्रण नाकारले जाते व ‘टॅबएरर’ ही त्रुटी दाखवली जाते.

## टॅब आणि स्पेस

स्पेस हे ठरावीक रुंदीचे चिन्ह आहे. आज्ञावली लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या समरुंद टंकात एक स्पेस एका रोमन अक्षराइतकीच जागा व्यापते. टॅबचे स्वरूप निराळे आहे. हे चिन्ह टंकलेखन यंत्रावरील ‘टॅब्युलेटर’ कळीवरून आले. कागदावर तक्ते टंकित करताना रकाने एका रेषेत यावेत म्हणून यंत्रावर आधीच थांबे लावून ठेवले जात. ही कळ दाबली की यंत्राचा गाडा पुढच्या थांब्यापर्यंत सरकत असे. म्हणजे टॅबने ठरावीक अंतर पुढे जायचे नसून ठरावीक ठिकाणी जाऊन थांबायचे असते.

१९६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आस्की या चिन्हसंकेतात दोन्हींना स्वतंत्र क्रमांक मिळाले. टॅबचा क्रमांक ९ आणि स्पेसचा ३२ आहे. थांबे कोठे असावेत हे मात्र टॅब या चिन्हात नोंदलेले नसते. युनिक्स प्रणालीत दर आठ स्तंभांवर एक थांबा धरण्याची प्रथा पडली. अनेक टेक्स्ट एडिटर हे अंतर चार किंवा दोन ठेवतात आणि वापरकर्ता ते आपल्या पसंतीनुसार बदलू शकतो. त्यामुळे एकच फाइल दोन संगणकांवर दोन प्रकारे मांडलेली दिसते. फाइलमध्ये केवळ टॅब असतील तर सर्व ओळी सारख्याच प्रमाणात सरकतात व रचना कायम राहते. टॅब व स्पेस एकत्र आले की काही ओळी सरकतात, काही जागच्या जागी राहतात आणि रचनाच बदललेली दिसते.

## पायथनमधील इंडेंटेशनचे स्थान

सी, जावा यांसारख्या भाषांमध्ये आज्ञांचा गट महिरपी कंसांत लिहितात. पायथनमध्ये गटाचा आरंभ अपूर्णविरामाने (:) संपणाऱ्या ओळीनंतर होतो. त्यापुढील ज्या ओळी सारख्याच प्रमाणात आत सरकवलेल्या असतील, त्या एका गटाच्या मानल्या जातात. पुन्हा कमी आत सरकवलेली ओळ आली की गट संपतो.

आज्ञावलीच्या मांडणीवरून तिची रचना ठरवण्याच्या या पद्धतीस ‘ऑफसाइड नियम’ म्हणतात. ही संज्ञा ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ पीटर लँडिन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात वापरली. पायथनमध्ये ही पद्धत एबीसी या भाषेवरून आली. ॲमस्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्र संशोधन संस्थेत (सीडब्ल्यूआय) लिओ ग्यूर्ट्स, लॅम्बर्ट मेर्टेन्स व स्टीव्हन पेंबर्टन यांनी एबीसी विकसित केली होती. पायथनचे जनक गिदो व्हान रॉसम यांनी त्या प्रकल्पावर काम केले होते. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांनी पायथनच्या रचनेस प्रारंभ केला, तेव्हा एबीसीतील हा विशेष नव्या भाषेत कायम ठेवला. पायथनची पहिली सार्वजनिक आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली.

या निवडीमागे एक तत्त्व होते. कंस वापरणाऱ्या भाषेत गटाची माहिती दोनदा दिली जाते. संगणकासाठी ती कंसांनी दिली जाते, तर वाचणाऱ्या माणसासाठी मोकळ्या जागेने. दोन्हींत विसंगती राहिली तर माणूस मोकळ्या जागेवर विश्वास ठेवतो आणि संगणक कंसांवर. पायथनमध्ये एकच खूण दोघांसाठी असल्याने अशी विसंगती राहू नये, अशी अपेक्षा होती. टॅब व स्पेस यांच्या मिश्रणाने हीच अपेक्षा भंग पावते, म्हणून पायथनमध्ये या प्रश्नास इतर भाषांपेक्षा अधिक महत्त्व आहे.

## संदिग्धतेचे उदाहरण

पुढील आज्ञावलीत एका वर्गातील नापास विद्यार्थ्यांची टक्केवारी काढली आहे. पायथन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत देता येतात, परंतु राखीव शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतात. येथे समजण्यास सोपे जावे म्हणून संपूर्ण आज्ञावली मराठीत मांडली आहे. ‘·’ ही खूण एका स्पेसची, तर ‘→’ ही खूण एका टॅबची आहे. ‘नापास’ व ‘एकूण’ या दोन्ही चलांची किंमत आरंभी शून्य आहे.

```
१.  गुणयादीतील प्रत्येक गुणासाठी:
२.  ····जर गुण < ३५:
३.  ········नापास = नापास + १
४.  →एकूण = एकूण + १
५.  टक्के = नापास × १०० ÷ एकूण
```

टॅबची रुंदी चार ठेवलेल्या एडिटरमध्ये चौथी ओळ दुसऱ्या ओळीतील ‘जर’च्या बरोबर खाली दिसते. वाचणाऱ्याला तिचा अर्थ असा लागतो की, विद्यार्थी उत्तीर्ण असो वा नापास, प्रत्येकासाठी ‘एकूण’मध्ये एकाची भर पडते. टॅबची रुंदी आठ ठेवलेल्या एडिटरमध्ये तीच ओळ तिसऱ्या ओळीच्या खाली येते. आता ती ‘जर’च्या गटात आहे, म्हणजे ‘एकूण’मध्ये केवळ नापास विद्यार्थीच मोजले जातात.

वर्गात ४० विद्यार्थी असून त्यांपैकी ६ नापास झाले आहेत असे मानू. पहिल्या अर्थाने ‘एकूण’ची किंमत ४० होते व उत्तर १५ टक्के येते. दुसऱ्या अर्थाने ‘एकूण’ची किंमत ६ होते व उत्तर १०० टक्के येते. पायथन २ टॅबची रुंदी आठ धरत असल्याने तेथे दुसरे उत्तर मिळते आणि कोणतीही त्रुटी दाखवली जात नाही. सर्व विद्यार्थी उत्तीर्ण झालेल्या वर्गाची यादी दिल्यास ‘एकूण’ शून्यच राहतो व आज्ञावली शून्याने भागाकार केल्याच्या त्रुटीने थांबते. ही त्रुटी पाचव्या ओळीत दिसते, प्रत्यक्ष दोष मात्र चौथ्या ओळीच्या आरंभी असलेल्या अदृश्य चिन्हात असतो.

हीच आज्ञावली पायथन ३ चालवण्यास नकार देते व चौथ्या ओळीकडे निर्देश करते.

## पायथन २ मधील नियम

पायथन २ मध्ये प्रत्येक ओळीच्या आरंभीचे टॅब डावीकडून उजवीकडे स्पेसमध्ये बदलले आहेत असे मानून मोजणी होत असे. टॅब आला की स्तंभांची संख्या आठच्या पुढील पटीपर्यंत नेली जाई. एक टॅब म्हणजे आठ स्तंभ, तर चार स्पेस व त्यानंतर एक टॅब म्हणजेही आठच स्तंभ. हा नियम युनिक्समधील प्रथेशी जुळणारा होता.

नियम निश्चित असल्याने संगणकाच्या दृष्टीने कोणतीही संदिग्धता नव्हती. संदिग्धता होती ती वाचणाऱ्याच्या बाजूस, कारण त्याच्या एडिटरमधील टॅबची रुंदी आठच असेल याची खात्री नव्हती. यावर उपाय म्हणून पायथन २ च्या इंटरप्रीटरमध्ये दोन पर्याय होते. ‘उणे टी’ हा पर्याय दिल्यास विसंगत मिश्रणाबद्दल इशारा मिळे. ‘उणे टीटी’ असा दुहेरी पर्याय दिल्यास त्या इशाऱ्याची त्रुटी होऊन आज्ञावली थांबे. हे पर्याय मुद्दाम निवडावे लागत. त्यामुळे ज्यास या प्रश्नाची कल्पनाच नव्हती, अशा नवशिक्यास त्यांचा लाभ होत नसे.

‘इंडेंटेशनएरर’ व ‘टॅबएरर’ हे त्रुटींचे स्वतंत्र प्रकार २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथन २.० पासून अस्तित्वात आहेत. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. तरीही त्या काळात लिहिलेल्या आज्ञावल्या अनेक ठिकाणी शिल्लक आहेत व त्यांचे रूपांतर करताना हा प्रश्न पुन्हा समोर येतो.

## पायथन ३ मधील नियम

पायथन ३ मध्ये टॅब व स्पेस एकाच फाइलमध्ये असण्यास सरसकट बंदी आहे, असा एक समज आढळतो. प्रत्यक्ष नियम त्याहून नेमका आहे. टॅबची रुंदी किती धरली यावर ज्या मिश्रणाचा अर्थ अवलंबून राहतो, तेवढेच मिश्रण नाकारले जाते.

सी भाषेत लिहिलेल्या प्रमाण इंटरप्रीटरमध्ये (सीपायथन) ही तपासणी दोन समांतर मोजण्यांनी होते. पहिल्या मोजणीत टॅब आठच्या पुढील पटीपर्यंत जातो. दुसऱ्या मोजणीत टॅबची रुंदी एकच धरली जाते. चालू असलेल्या गटांची खोली दोन्ही मोजण्यांनुसार स्वतंत्रपणे साठवलेली असते. नवी ओळ आली की ती आधीच्या गटाइतकीच आत आहे, अधिक आत आहे की कमी, हे दोन्ही मोजण्यांनी पाहिले जाते. दोन्ही निष्कर्ष जुळले तर ओळ स्वीकारली जाते, अन्यथा ‘टॅबएरर’ दाखवली जाते.

वरील उदाहरणातील तिसरी ओळ दोन्ही मोजण्यांनुसार आठव्या स्तंभावर आहे. चौथी ओळ पहिल्या मोजणीनुसार आठव्या, तर दुसऱ्या मोजणीनुसार पहिल्या स्तंभावर येते. पहिली मोजणी दोन्ही ओळी समान पातळीवर असल्याचे सांगते, दुसरी तसे सांगत नाही. म्हणून ती ओळ नाकारली जाते.

| आधीची ओळ | नंतरची ओळ | पायथन २ | पायथन ३ |
|---|---|---|---|
| ८ स्पेस | १ टॅब | समान पातळी | टॅबएरर |
| १ टॅब | ४ स्पेस व १ टॅब | समान पातळी | टॅबएरर |
| ४ स्पेस, शेवटी अपूर्णविराम | १ टॅब | आतील गट | टॅबएरर |
| ४ स्पेस, शेवटी अपूर्णविराम नाही | १ टॅब | इंडेंटेशनएरर | टॅबएरर |
| १ टॅब, शेवटी अपूर्णविराम | १ टॅब व ४ स्पेस | आतील गट | आतील गट |

तक्त्यातील शेवटच्या प्रकारात मिश्रण असूनही ते वैध आहे. टॅबची रुंदी कितीही धरली तरी ‘एक टॅब व चार स्पेस’ हे ‘एक टॅब’पेक्षा नेहमीच अधिक आत राहते. त्याचप्रमाणे एका फाइलमधील एक फंक्शन संपूर्ण टॅबने व दुसरे संपूर्ण स्पेसने मांडलेले असल्यास पायथन ३ त्यास हरकत घेत नाही. अशी मांडणी वैध असली तरी ती टाळावी असेच सुचवले जाते, कारण एका फंक्शनमधील ओळी दुसऱ्यात हलवताच त्रुटी उद्भवते.

काही ओळींना हा नियम लागू होत नाही. रिकाम्या ओळी व केवळ टिप्पणी असलेल्या ओळी इंडेंटेशन मोजताना विचारात घेतल्या जात नाहीत. कंस उघडून पुढील ओळीवर चालू राहिलेल्या आज्ञेतील मोकळ्या जागेसही अर्थ नसतो. तिहेरी अवतरणचिन्हांत लिहिलेल्या बहुओळी मजकुरातील टॅब व स्पेस हे त्या मजकुराचाच भाग मानले जातात.

## त्रुटींचे प्रकार

इंडेंटेशनशी संबंधित त्रुटी एकमेकींसारख्या वाटतात, परंतु त्यांची कारणे निरनिराळी आहेत.

* अनपेक्षित इंडेंटेशन : आधीच्या ओळीने नवा गट सुरू केलेला नसताना एखादी ओळ अधिक आत सरकवलेली असते.
* गटाची अपेक्षा : अपूर्णविरामाने संपणाऱ्या ओळीनंतर आत सरकवलेली एकही ओळ येत नाही.
* बाहेरील पातळीशी न जुळणारे इंडेंटेशन : ओळ बाहेर आणली आहे, परंतु ती पूर्वी सुरू असलेल्या कोणत्याही गटाच्या पातळीवर येत नाही. तीन किंवा पाच स्पेस दिल्या गेल्यास ही त्रुटी नेहमी दिसते.
* टॅबएरर : टॅब व स्पेस यांचा वापर विसंगत आहे.

पहिले तीन प्रकार ‘इंडेंटेशनएरर’ या वर्गात मोडतात. ‘टॅबएरर’ हा त्या वर्गाचा उपवर्ग असून ‘इंडेंटेशनएरर’ स्वतः ‘सिंटॅक्सएरर’चा उपवर्ग आहे. या सर्व त्रुटी आज्ञावली चालण्यापूर्वी, तिचे वाचन होत असतानाच आढळतात. त्यामुळे त्या असलेल्या फाइलमधील एकही ओळ अंमलात येत नाही.

## मिश्रण होण्याची कारणे

मिश्रण सहसा हेतुपुरस्सर केले जात नाही. त्याची प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत.

* दोन व्यक्तींनी वेगवेगळी मांडणी असलेल्या एडिटरमध्ये एकाच फाइलवर काम करणे.
* दुसऱ्या फाइलमधून किंवा संकेतस्थळावरून काही ओळी नकलून डकवणे.
* काही एडिटरांची जागा वाचवण्याची जुनी पद्धत. इंडेंटेशन चारचे व टॅबची रुंदी आठ असल्यास असे एडिटर पहिल्या पातळीसाठी चार स्पेस ठेवतात व दुसऱ्या पातळीवरील आठ स्पेसच्या जागी आपोआप एक टॅब घालतात.
* साध्या एडिटरमध्ये टॅब कळ दाबल्यावर प्रत्यक्ष टॅबचे चिन्ह उमटणे, तर अन्य एडिटरमध्ये त्याच कळीने चार स्पेस उमटणे.

यांपैकी तिसऱ्या प्रकारे तयार झालेल्या आज्ञावल्या पायथन २ च्या आठ स्तंभांच्या नियमानुसार अचूक चालत असत. पायथन ३ मध्ये मात्र त्या नाकारल्या जातात. संकेतस्थळावरून नकललेल्या मजकुरात कधी कधी न तुटणारी स्पेस हे तिसरेच चिन्ह येते. ते दिसण्यास साध्या स्पेससारखे असले तरी पायथन त्यास इंडेंटेशन मानत नाही व अवैध चिन्ह असल्याची त्रुटी दाखवतो.

## शोध व दुरुस्ती

डोळ्यांनी पाहून मिश्रण ओळखणे कठीण असते. बहुतेक एडिटरांमध्ये अदृश्य चिन्हे दाखवण्याची सोय आहे. ती सुरू केल्यावर टॅबच्या जागी बाण व स्पेसच्या जागी ठिपका दिसतो. पायथनच्या प्रमाण लायब्ररीत ‘टॅबनॅनी’ हे मोड्यूल आहे. टिम पीटर्स यांनी लिहिलेले हे मोड्यूल फाइल किंवा संपूर्ण फोल्डर तपासून संदिग्ध इंडेंटेशन असलेल्या ओळी दाखवते. ‘पायकोडस्टाइल’ हे साधन मिश्रणासाठी ‘ई१०१’ व इंडेंटेशनमधील टॅबसाठी ‘डब्ल्यू१९१’ असे संकेतांक देते.

दुरुस्तीसाठी टॅबचे स्पेसमध्ये रूपांतर करणाऱ्या सोयी उपलब्ध आहेत. व्हिममध्ये ‘रीटॅब’, ईमॅक्समध्ये ‘अनटॅबिफाय’ व युनिक्समध्ये ‘एक्सपांड’ या आज्ञा त्यासाठी वापरतात. रूपांतर करताना तीन बाबींकडे लक्ष द्यावे लागते.

पहिली बाब टॅबच्या रुंदीची आहे. पायथन २ साठी लिहिलेल्या व प्रत्यक्ष वापरात असलेल्या आज्ञावलीचा अर्थ आठ या रुंदीने ठरत होता. तिचे रूपांतर चार या रुंदीने केल्यास परिणामी फाइलमध्ये केवळ स्पेस उरतात, त्यामुळे पायथन ३ कोणतीही तक्रार करत नाही, परंतु आज्ञावलीचा अर्थ मात्र बदललेला असू शकतो. वरील उदाहरणात आठने रूपांतर केल्यास १०० टक्के हे जुने चुकीचे उत्तर कायम राहते, तर चारने केल्यास १५ टक्के हे योग्य उत्तर येते. म्हणजेच आठ ही रुंदी जुने वर्तन जपते, लेखकाचा हेतू जपतेच असे नाही. त्रुटी दाखवलेल्या ओळींचा अर्थ माणसाने वाचून ठरवणे त्यामुळे आवश्यक ठरते.

दुसरी बाब मजकुरातील टॅबची आहे. अवतरणचिन्हांतील टॅब बदलले गेल्यास आज्ञावलीने तयार केलेल्या फाइलचे स्वरूप बदलू शकते. ‘एक्सपांड’च्या ग्नू आवृत्तीत केवळ ओळीच्या आरंभीचे टॅब बदलण्याचा पर्याय आहे. तोही बहुओळी मजकुरातील ओळींच्या आरंभीचे टॅब ओळखून वगळत नाही.

तिसरी बाब बदलांच्या इतिहासाची आहे. गिटसारख्या प्रणालीत इंडेंटेशन बदलल्यास असंख्य ओळी बदललेल्या दिसतात. त्यामुळे असे रूपांतर इतर बदलांपासून वेगळे नोंदवण्याची प्रथा आहे. मोकळ्या जागेतील फरक दुर्लक्षून दोन आवृत्त्यांची तुलना करण्याचा पर्याय गिटमध्ये आहे. पायथनच्या फाइलसाठी तो जपून वापरावा लागतो, कारण ओळ एका गटातून दुसऱ्या गटात गेल्याचा बदलही त्यात लपतो.

पुन्हा मिश्रण होऊ नये म्हणून ‘एडिटरकॉन्फिग’ या स्वरूपातील फाइल प्रकल्पात ठेवता येते. तीत इंडेंटेशनचा प्रकार व रुंदी नोंदवलेली असते व अनेक एडिटर ती वाचून त्यानुसार वागतात. २०१८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले ‘ब्लॅक’ हे साधन पायथन आज्ञावलीची मांडणी स्वतःहून करते व इंडेंटेशनसाठी नेहमी स्पेस वापरते.

## शैलीसंकेत व मतभेद

पायथनचा अधिकृत शैलीसंकेत ‘पेप ८’ या नावाने ओळखला जातो. जुलै २००१ मध्ये तयार झालेला हा दस्तऐवज प्रत्येक पातळीसाठी चार स्पेस सुचवतो. आधीपासून टॅबने मांडलेल्या आज्ञावलीत सुसंगती राखण्यासाठीच टॅब वापरावेत, असेही त्यात म्हटले आहे.

टॅब श्रेष्ठ की स्पेस, हा संगणक क्षेत्रातील जुना वाद आहे. टॅबचे समर्थक म्हणतात की, प्रत्येक वाचकास आपल्या सोयीची रुंदी निवडता येते. मोठ्या आकाराची अक्षरे वापरणाऱ्या अल्पदृष्टी व्यक्तींना आणि ब्रेल पडद्यावर वाचणाऱ्या व्यक्तींना कमी रुंदी सोयीची ठरते. ब्रेल पडद्यावर प्रत्येक स्पेस एक घर व्यापते, त्यामुळे खोल गटातील ओळीची बरीचशी घरे रिकाम्या जागेतच खर्ची पडतात. स्पेसचे समर्थक म्हणतात की, स्पेसने दिलेली मांडणी सर्वत्र सारखीच दिसते आणि चालू राहिलेल्या ओळी एकमेकींखाली अचूक जुळवता येतात. मिश्रण टाळावे, याबाबत मात्र दोन्ही पक्षांत मतभेद नाहीत.

पायथनमध्ये इंडेंटेशनऐवजी कंस आणावेत, अशी सूचनाही वेळोवेळी होते. तिला उद्देशून भाषेच्या रचनाकारांनी इंटरप्रीटरमध्ये एक विनोद ठेवला आहे. भविष्यातील सुविधा मागवण्याच्या आज्ञेने कंस मागितल्यास, तशी शक्यताच नाही अशा आशयाची त्रुटी मिळते.

## इतर भाषा व साधने

* मेक : स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्ज येथे तयार केलेल्या या साधनाच्या फाइलमध्ये कृतीच्या ओळीचा आरंभ टॅबनेच व्हावा लागतो. तेथे स्पेस दिल्यास विभाजक नसल्याची त्रुटी मिळते. ग्नू मेकच्या ३.८२ या आवृत्तीपासून टॅबऐवजी दुसरे चिन्ह ठरवता येते.
* यॅमल : माहिती साठवण्याच्या या स्वरूपात इंडेंटेशनसाठी टॅब वापरण्यास पूर्ण मनाई आहे.
* हॅस्केल : या भाषेतही मांडणीला अर्थ आहे. भाषेच्या अधिकृत वर्णनानुसार टॅबचे थांबे आठ स्तंभांवर धरले जातात.
* गो : या भाषेसोबत मिळणारे ‘गोफम्ट’ हे साधन इंडेंटेशनसाठी टॅब वापरते. मांडणी साधनच करत असल्याने लिहिणाऱ्यास निवड करावी लागत नाही.
* लिनक्स कर्नल : सी भाषेतील या प्रकल्पाच्या शैलीसंकेतानुसार इंडेंटेशन टॅबने दिले जाते व टॅबची रुंदी आठ मानली जाते.

कंस वापरणाऱ्या भाषांमध्ये टॅब व स्पेस यांच्या मिश्रणाने आज्ञावलीचा अर्थ बदलत नाही. मात्र इंडेंटेशन व अर्थ यांतील विसंगती तेथेही घातक ठरू शकते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपल कंपनीच्या सुरक्षित जोडणीच्या सी आज्ञावलीत एक दोष उघडकीस आला. एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. इंडेंटेशनमुळे ती अटीच्या गटात असल्यासारखी दिसे, परंतु महिरपी कंस नसल्याने ती अटीविनाच अंमलात येई. परिणामी सर्व्हरच्या स्वाक्षरीची पडताळणी पूर्ण होत नसे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीसीसी ६ या कंपायलरमध्ये, दिशाभूल करणाऱ्या इंडेंटेशनबद्दल इशारा देणारी सोय समाविष्ट करण्यात आली.

## हे सुद्धा पहा

* पायथन (प्रोग्रामिंग भाषा)
* एबीसी (प्रोग्रामिंग भाषा)
* ऑफसाइड नियम
* आस्की
* टेक्स्ट एडिटर